मिलोची भाकर आणि रशियाची दोस्ती

आमच्या शिरपुरात तेव्हा परराष्ट्र धोरण दोन वाटांनी यायचं: रेशनच्या दुकानातून आणि शाळेच्या दप्तरातून.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची. भाकर थापता थापताच तिला चिरा पडायच्या. "हे तं ढोराईचं खानं हाय," म्हातारी माणसं म्हणायची, आणि तरी खायची. त्याआधी, १९६५-६६ मध्ये, अमेरिकेच्या पीएल-४८० मदतीच्या गव्हावर देश जगत होता. व्हिएतनाम युद्धावरून भारत बोलला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं हात आखडून सोडली. पुसदकडचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी एवढे पेटून का उठले होते, हे ती भाकर खाल्लेल्याला सांगावं लागत नाही.

दप्तरात मात्र रशिया होता. ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाची जाड, गुळगुळीत पानं पुस्तकांना कव्हर म्हणून चढायची. भूगोलावर गव्हाच्या शेतातला ट्रॅक्टर, गणितावर अंतराळवीर. ९ ऑगस्ट १९७१ला परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत मैत्री करारावर सह्या केल्या. डिसेंबरात बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा रेडिओभोवतीच्या माणसांना त्या कराराचा केवढा धीर वाटला! खरं तर हल्ला झाल्यास ताबडतोब सल्लामसलत करून योग्य ती पावलं उचलू, असं नवव्या कलमात होतं. फौज धाडण्याचं वचन नव्हतं. पण सुरक्षा परिषदेत रशियानं नकाराधिकार वापरला आणि दोस्ती निभावली.

आज असा एकच दोस्त नाही. क्वाडमध्ये अमेरिका, ब्रिक्समध्ये रशिया आणि चीनही. मला हे धोरण शहाणपणाचं वाटतं. पण त्याची झळ अजूनही आमच्याच धुऱ्यापर्यंत येते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यातलं निम्मं रशियन तेलापायी. त्याच महिन्यात कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं आणि पुढे ही सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. आणि तेही ऐन वेचणीच्या हंगामात! सोयाबीनवाल्यांचा जीवही तसाच टांगणीला, कारण देशाचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं.

त्या काळची दोस्ती मनाला भिडायची, हे खरं. पण तेव्हा आपण दुसऱ्याच्या धान्यावर होतो. आज कोठार भरलेलं आहे, म्हणून दिल्ली ‘नाही’ म्हणू शकते. ते भरणाऱ्याचा कापूस आणि सोयाबीन व्यापार कराराच्या टेबलावर सवलत म्हणून सोडू नका, एवढं दिल्लीनं ऐकावं.