चिठ्ठीत निघालेली भूमिका





यंदा शाळेने वेषभूषा स्पर्धेऐवजी एक दिवसाचा कापूस बाजार भरवला. काही पालकांनी विचारले, "सर, स्टेज नाही, बक्षीस नाही, बघायला कोणी नाही, मग हा कार्यक्रम कसला?" वर्गणी घेतली नाही म्हणून विश्वस्तांनी खर्च विचारला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

कल्पना आपल्या भागातलीच आहे. दिवाळीत गोंड बांधवांची दंडारी निघते. एका गावचे पथक दुसऱ्या गावी जाते. यजमान गाव त्यांना उतरायला जागा देते, जेवू घालते. गुसाडी झालेल्याच्या डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडे. व्रत संपेपर्यंत तो आंघोळही करीत नाही आणि लोक त्याला देव मानतात. मी हिंदी माध्यमात शिकलो, तिथे वेष घेण्याला आम्ही 'स्वाँग' म्हणत असू. गुसाडीला तो शब्द लावता येणार नाही. मार्लवाईच्या कनक राजू यांनी हे नृत्य अनेक तरुणांना शिकवले. त्यांना 2021 ची पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. (मुलाला स्पर्धेत गुसाडी करू द्या, ही एका पालकांची विनंती मी याचसाठी मान्य केली नव्हती. व्रताचा मुकुट तासाभरासाठी भाड्याने आणायचा नसतो.)

आपण दंडारीतून घेतली ती फक्त यजमानाची रीत. बोलावणाऱ्याने सगळे करायचे, येणाऱ्याने फक्त यायचे. वेषभूषा स्पर्धेत भाड्याचा पोशाख परवडेल तीच मुले नाव देतात. बाजारात सर्वांना चिठ्ठी होती. शेतकरी, अडत्या, हमाल, काटेवाला, चहावाला. उपरणी, पोती, तराजू शाळेने दिले आणि वरण-भातही शाळेतच शिजला. डेन्मार्कमध्ये होब्रो गावी 2006 पासून एक निवासी शाळा चालते. तिथे सगळे विषयच मुले अशा भूमिका करून शिकतात. आपला तर एकच दिवस होता.

आठवीतल्या एका मुलाचे वडील यार्डात हमाली करतात. त्याला अडत्याची चिठ्ठी आली. व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा शेतकरी झाला. पहिल्याने कापूस मुठीत दाबला आणि म्हणाला, "ओलावा जास्त आहे, भाव कापावा लागेल." आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की खरेदी केंद्रावर भाव कापतात, हे त्याला वडिलांकडून ठाऊक होते. दुसरा भांडला, विनवण्या केल्या, शेवटी पोते उचलून उन्हात जाऊन बसला. जेवणाची घंटा झाली तरी उठेना. "माल सोडून कसा येऊ?" म्हणाला. अडत्यानेच त्याचे ताट तिथे नेऊन दिले.

खर्चाचा हिशेब कार्यालयात ठेवला आहे, कोणीही पाहावा. तांदूळ आणि डाळ हाच मोठा आकडा आहे. पुढच्या बाजारात पालक आणि विश्वस्तांच्या नावानेही चिठ्ठ्या टाकणार आहोत. हमालाची निघाली तर बदलून मिळणार नाही.

आपला,
मुख्याध्यापक