विनामूल्य साधनांची पारख

प्रोग्रॅमिंग शिकू इच्छिणाऱ्या, परंतु क्लासची भरमसाठ फी देण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला एके काळी साधनांची वाण होती. आज तो साधनांच्या विपुलतेनेच गांगरून जातो. प्रोग्रॅमिंगचा व्यवसाय करीत असता आणि नवशिक्यांना शिकवीत असता माझे मत असे बनले आहे की, जे साधन शिकणाऱ्याच्या हाताला काम लावते, तेच त्याच्या हिताचे.

एक दाखला देतो. दोन संख्या विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्रॅम विद्यार्थी पायथॉनमध्ये लिहितो, ५ आणि ७ टाइप करतो, आणि पडद्यावर १२ ऐवजी ५७ उमटतात. कीबोर्डवरून आलेले सारे पायथॉन मजकूर म्हणूनच स्वीकारते आणि अधिकचे चिन्ह मजकुराचे दोन तुकडे केवळ जोडते, हे ज्याने त्या ५७ पाशी अडून स्वतः हुडकले, त्याला ‘डेटा टाइप’ पुन्हा शिकवावा लागत नाही. उलट शिक्षकाने बिनचूक टाइप केलेला व्हिडिओ नुसता पाहणाऱ्याला ही अडचण भेटतच नाही, आणि समजल्याचा भास मात्र होतो.

या कसोटीवर पाहता, हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०’ या अभ्यासक्रमाची व्याख्याने रसाळ आहेतच, परंतु त्याचे खरे सामर्थ्य प्रत्येक आठवड्याच्या प्रश्नसंचात आहे. अल स्वाइगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथॉन’ हे संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येणारे पुस्तक फाइली आणि एक्सेलचे तक्ते हाताळावयास लावते, म्हणून दप्तरी काम करणाऱ्यास ते विशेष मानवते. आणि इंग्रजीच्या धास्तीने मागे राहिलेल्यांसाठी मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी निवेदनाचे छोटे धडे आहेत; पडद्याच्या एका बाजूस धडा चालू ठेवून दुसऱ्या बाजूस तेच स्वतः करून पाहावे, हा तेथील शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो.

धडा कोणत्या आवृत्तीवर बेतला आहे, याची खातरजमा मात्र आधी करावी. पायथॉन २ ची देखभाल २०२० साली थांबली, आणि जुन्या धड्यांतील कंसाविना लिहिलेली ‘प्रिंट’ची आज्ञा आज चालत नाही.

म्हणून माझी शिफारस अशी की, साधनाची कीर्ती न पाहता त्याच्या तिसऱ्या-चौथ्या धड्याचा स्वाध्याय उघडावा व तासभर त्याच्याशी झटावे. त्या तासात स्वतःच्या हाताने लिहिलेले काही चालू झाले, किंवा ते का चालत नाही हे उमगले, तर तेच साधन धरावे आणि ते तडीस नेईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये.