निरोप आणि यादी

कॉलेज सुटल्यावर मी मानवतला एका किराणा दुकानात हिशेब लिहितो. यूपीआय २०१६ साली आले. आता पैसे जमा झाले की गल्ल्यावरचा डबा बोलतो. एकदा तो मुका राहिला. दोनशे रुपये पाठवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी चारचौघांत खोटे ठरवले. रात्री मोबाईलमधली यादी पाहिली. पैसे आले होते. निरोप तेवढा आला नव्हता.

काम झाल्याचा निरोप एक संगणक दुसऱ्याला आपणहून देतो, त्याला वेबहुक म्हणतात. अलीकडे आलेल्या निरोपांची यादी आता कृत्रिम बुद्धीचे मदतनीसही मागवून पडताळू शकतात. माझ्या तर हातातच यादी होती!

सकाळी बाबांच्या घरी गेलो. ते एवढेच म्हणाले, "लेकरा, आधी बघायचं होतंस."