तांबडा दिवा

आमच्या घरी एक म्हातारी मोटार आहे. जातीने ती फियाट. वयाने आमच्याहून थोडी वडील. आमच्या तीर्थरूपांनी ती १९६७ साली घेतली. त्या काळी मोटार घेणे हे केवळ पैशाचे काम नव्हते. आधी नाव नोंदवावे, मग वर्षानुवर्षे वाट पाहावी, आणि मुलीच्या बापास स्थळाकडून होकार यावा तसा एके दिवशी गाडी तयार असल्याचा निरोप यावा, असा तो मामला होता. कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातील तिच्या धाकट्या बहिणी पुढे ‘पद्मिनी’ या नावाने मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी झाल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यांतली शेवटचीही निवृत्त झाली. आमची थोरली मात्र अजून कामावर रुजू आहे.

तीर्थरूपांचा या गाडीच्या बाबतीत एक दंडक होता. गाडी बनवणारे आपल्यापेक्षा शहाणे होते असे समजून चालावे, आपले शहाणपण तीत घालू नये. ते गेल्यावर गाडी आमच्याकडे आली. पण नाशिकला असणाऱ्या आमच्या वडील बंधूंनी, म्हणजे दादांनी, एक अट घातली : गाडीत जे मूळचे आहे ते मूळचेच राहील. आम्ही ती आनंदाने मान्य केली. इतकेच नव्हे, तर घरी कोणी रसिक पाहुणा आला की आम्ही बॉनेट उघडून त्यास दाखवीत असू : हा मूळचा डायनामो, ही मूळची कटआउटची पेटी. आणखी एका गोष्टीचा आम्हांस मनातून अभिमान वाटे. तीर्थरूपांच्या वेळी गाडी चौकात उभी राहिली की समोरच्या फळीवरचा तांबडा दिवा लुकलुकत असे. आमच्या हाती आल्यावर काही वर्षांत तो लुकलुकायचा थांबला. याचे सारे श्रेय आम्ही आमच्या निगराणीस देत असू.

गेल्या आषाढात भोरहून पुण्यास परतत होतो. सौभाग्यवती बरोबर होत्या. कात्रजच्या जुन्या घाटाने यावयाचा आमचा हट्ट; नव्या बोगद्यात ती गंमत नाही. परंतु त्या रात्री घाटात एका वळणावर मालाची लॉरी बंद पडली होती, आणि तिच्यामागे आम्ही सारे मुंगीच्या रांगेसारखे उभे. पाऊस मुसळधार. वायपर चालू, दिवे चालू, एंजिन नुसते धुगधुगते आहे, असा तास गेला. रांग हलली तेव्हा वायपर दमेकऱ्यासारखा मध्येच थबकू लागला होता, हे आमच्या ध्यानात आले खरे. पण घरी जाण्याच्या घाईत आम्ही तिकडे काणाडोळा केला.

दोन वळणे उतरलो असू, तोच सौभाग्यवती ओरडल्या, “अहो, माणूस!” आम्ही सारा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली. समोर, बंपरपासून हातभर अंतरावर, दुधाच्या कॅनी लावलेली सायकल हाताने ढकलीत नेणारा एक मनुष्य उभा होता. त्याने वळून आमच्याकडे पाहिले. शिवी दिली असती तरी आम्ही ऐकून घेतली असती. तो इतकेच म्हणाला, “साहेब, दिवे तरी लावा की!”

दिवे लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या ओळखीच्या वायरिंगच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डायनामो उतरवला, आतले कार्बन पाहिले, आर्मेचर तपासले, पुन्हा बसवून एंजिनचा वेग वाढवून मीटर लावला, आणि म्हणाले, “सर, याला काही झालेलं नाही. चांगला चालतोय.” मग रात्रीचा प्रकार काय? तेव्हा त्यांनी आम्हांस जो धडा दिला तो येथे सांगितला पाहिजे, कारण बी. ए. झालेल्या मनुष्यास तो ठाऊक असता तर तो सायकलवाला इतका जवळ आलाच नसता.

डायनामोत तयार होणारा सगळा प्रवाह फिरत्या आर्मेचरमधून कार्बनांच्या वाटे बाहेर येतो. तारेचे ते भारी गुंडाळे फार वेगाने फिरवता येत नाही. फिरवले तर वेटोळी सुटून येण्याचे भय. म्हणून त्याची पुली बेताची ठेवतात. याचा परिणाम असा की, गाडी भरधाव असता डायनामो यथास्थित वीज देतो, पण उभ्या गाडीत एंजिन मिनिटास सातआठशे फेरे घेत असले म्हणजे त्याचा दाब बॅटरीच्या दाबाहून कमी पडतो. अशा वेळी कटआउट त्या दोघांतला संबंध तोडतो; नाही तर बॅटरीच उलटी डायनामोत रिकामी व्हावयाची. म्हणजे गाडी उभी असताना डायनामोची मिळकत शून्य, आणि सारा खर्च बॅटरीतून.

तो खर्च आम्ही घरी येऊन कागदावर मांडला. मोठे दिवे ४५ वॅटचे दोन, म्हणजे ९०, बारीक दिवे २५, वायपर ३५, ठिणगीची कॉइल ४०. एकूण १९० वॅट; बारा व्होल्टला सुमारे १६ अँपिअर. तासाभरात बॅटरीतून १६ अँपिअर-तास गेले, आणि आमची बॅटरी तरुण नव्हती. दिव्यांचा स्वभाव तर आणखी विचित्र. दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो.

तीर्थरूपांच्या वेळी हाच डायनामो पुरत होता. कारण त्या वेळी पुण्यात मोटार बहुतेक चालत असे, क्वचित थांबे. आता ती बहुतेक थांबते, क्वचित चालते. डायनामो बिघडला नव्हता. ज्या रस्त्यासाठी तो घडवला तो रस्ताच उरला नव्हता.

मिस्त्री म्हणाले, “अल्टर्नेटर बसवा.” हे यंत्र डायनामोच्या उलट बांधणीचे. यात वीज उपजते ती स्थिर गुंडाळ्यांत. फिरते ते केवळ लोहचुंबकाचे गुंडाळे, आणि कार्बनांमधून जातो तो दोनतीन अँपिअरचा किरकोळ प्रवाह. म्हणून पुली लहान ठेवून त्यास एंजिनच्या दुप्पट वेगानेही फिरवता येते, आणि चौकात उभ्या गाडीतही ते कमावते. त्याची वीज मात्र उलटसुलट दिशेने वाहणारी. ती बॅटरीस चालत नाही. तिला एका दिशेस लावतात ते सिलिकॉनचे सहा डायोड. फॅरडेने १८३१ साली चुंबकातून वीज काढली, तरी हे चिमुकले द्वारपाल स्वस्त व टिकाऊ होईपर्यंत अल्टर्नेटर सामान्य मोटारीत येऊ शकला नाही. अमेरिकेत क्रायस्लरने तो १९६० च्या व्हॅलियंट गाडीत घातला. हे द्वारपाल उलट प्रवाह अडवतात, त्यामुळे कटआउटही लागत नाही.

आम्ही दादांस दूरध्वनी केला. “बाबांनी वापरली ती गाडी आहे ती,” ते म्हणाले. आम्ही घाटातली हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारले, “वहिनी घाबरल्या असतील?” आणि थोड्या वेळाने, “बसव. पण एकही नवे भोक पाडायचे नाही, एकही मूळची तार कापायची नाही, आणि काढलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवायची.”

या अटीमुळे आम्हांस एक युक्ती सुचली. नवे यंत्र जुन्याच तारेस जोडावे, म्हणजे बदल आणखी थोडा! मिस्त्रींनी साफ नकार दिला. डायनामोच्या सोळा अँपिअरसाठी घातलेल्या तारेतून पस्तीस अँपिअर नेल्यास काय होईल, हे त्यांनी विचारले, आणि आम्ही पुन्हा कागद घेतला. अडीच चौरस मिलिमीटरची दोन मीटर तार धरली तर अर्धा व्होल्ट वाटेतच नाहीसा होतो, आणि त्याची सतरा वॅट उष्णता होऊन, पन्नासाहून अधिक वर्षे वाळलेल्या वेष्टणास भाजत राहते. शक्ती वाढवावयाची आणि वाट जुनीच ठेवावयाची, हा आमचा मध्यममार्ग आगीचा मार्ग होता.

अखेर अल्टर्नेटरपासून बॅटरीपर्यंत दहा चौरस मिलिमीटरची नवी तार स्वतंत्र घातली. बॅटरीजवळ तिला पन्नास अँपिअरचा फ्यूज दिला, कारण अशी जाड तार कोठे पत्र्यास घासून उघडी पडली तर बॅटरी आपले सर्वस्व तेथे ओतून गाडी पेटवू शकते. एंजिनपासून सांगाड्यापर्यंतचा अर्थिंगचा पट्टाही नवा. मोठ्या दिव्यांस रिले, म्हणजे जुन्या बटणावरचा भार हलका झाला. जुन्या तारा टोके बांधून जागच्या जागी ठेवल्या. कटआउटची पेटीही तेथेच राहिली, फक्त आता बिनकामाची.

किल्ली फिरवली. एंजिन सुरू झाले. पण मीटरचा काटा बारा व्होल्टच्या थोडा वर जाऊन तेथेच अडून बसला. नवे यंत्र काहीच देईना! मिस्त्रींनी वाकून फळीकडे पाहिले आणि विचारले, “सर, तुमचा तांबडा दिवा का लागत नाही?” आम्ही मोठ्या ऐटीने सांगितले की, तो बरीच वर्षे लागलेला नाही. मिस्त्रींनी फळीमागे हात घालून दिवा काढला आणि उजेडात धरला. आतली तार तुटलेली होती.

अल्टर्नेटरचा चुंबक मुळात निद्रिस्त असतो. त्यास जागे करणारा पहिला प्रवाह जातो तो याच दिव्यामधून. दिवा जळालेला असला तर यंत्र संथ गतीत जागे होत नाही. मिस्त्रींनी क्षुल्लक किमतीचा दिवा बसवला. किल्ली फिरवताच तो लाल झाला, एंजिन लागताच विझला, आणि काटा चौदा व्होल्टवर जाऊन स्थिर झाला.

मिस्त्रींस त्यात विशेष काही वाटले नाही. आम्ही मात्र ओशाळलो. चौकात लुकलुकणारा तो दिवा तीर्थरूपांस इतकी वर्षे सांगत होता की, आता खर्च बॅटरीतून चालला आहे. आमच्या हाती तो मुका झाला, आणि त्या मुकेपणालाच आम्ही आपली निगराणी समजलो. घाटात तासभर उभे असता तो तांबडा डोळा समोर असता तर आम्ही निदान वाट पाहत असता मोठे दिवे मालवले असते. मूळचे ते मूळचे ठेवण्याची आमची निष्ठा खोटी नव्हती; पण सांभाळण्याच्या त्या अभिमानात पाहावयाचे राहून गेले होते.

दिवाळीत दादा आले. त्यांनी बॉनेट उघडले, कटआउटच्या पेटीवरून हात फिरवला, नव्या तारेकडे पाहिले व काही न बोलता गाडी बाहेर काढली. स्वारगेटच्या चौकात दहा मिनिटे अडकलो. दिवे लख्ख होते. परत आल्यावर त्यांनी डायनामो कोठे आहे ते विचारले. तो तीर्थरूपांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, असे आम्ही सांगितले. “बरे केलेस,” एवढेच ते म्हणाले.

हल्ली आम्ही गाडी सुरू करताना आधी किल्ली अर्धी फिरवून थांबतो, आणि तांबडा दिवा लागलेला डोळ्यांनी पाहिल्यावाचून पुढे जात नाही.