हिमनदीची पाळ आणि माणसाची पाळ

आठवीत शिकणारी माझी मुलगी एका संध्याकाळी मोबाईलवर काश्मीरचा व्हिडिओ पाहत बसली होती. उंच डोंगर, त्यांच्या कुशीत निळेशार तलाव आणि पाठीवर पिशव्या लादून पायवाटेने चाललेली तरुण मुले-मुली. विशनसर, कृष्णसर, गंगाबल अशी त्या तलावांची नावे. ती म्हणाली, "बाबा, आपणही जाऊ या का?"

मी कोळसा खाणीतला कामगार. रेल्वेचे भाडे, गरम कपडे, बूट, वाटाड्या, तंबू असा हिशेब मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो. तेव्हा तिने दुसरा प्रश्न विचारला, "मग आपल्या जिल्ह्यात असा डोंगर आणि असा तलाव नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही जानेवारीत दोन दिवस काढले. धान घरात आलेले असते, थंडी असते आणि जंगलातल्या वाटा कोरड्या असतात. मी, पत्नी, दोन मुले आणि माझी पंचाहत्तरीची आई असे पाच जण चांदा फोर्टहून गोंदियाच्या गाडीत बसलो. मूल, सिंदेवाही, तळोधी अशी स्टेशने मागे टाकत नागभीडला उतरलो. तिथे माझे साडूभाऊ राहतात. त्यांच्याकडेच मुक्काम.

गाडीतच मुलीला मी तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले. ते वाचकांनाही सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ते ठाऊक नसते.

आपल्या उन्हाच्या चंद्रपुरातही एकेकाळी बर्फ होता! सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका यांच्याशी ती जोडलेली होती. त्या काळी इथून हिमनद्या सरकत होत्या. हिमनदी म्हणजे हळूहळू पुढे सरकणारा बर्फाचा प्रचंड थर. त्याच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर ओरखडे काढत जातात. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगेकाठी इरई नावाचे गाव आहे. तिथल्या चुनखडकावर असे ओरखडे आहेत. १८७० च्या दशकात फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने ते पाहिले आणि जगापुढे मांडले. उष्ण कटिबंधात बर्फाच्या खुणा, ही त्या वेळी मोठ्या आश्चर्याची गोष्ट होती.

पुढे बर्फ वितळला. त्या जागी दलदल आणि घनदाट झाडी वाढली. ती गाळाखाली गाडली गेली आणि तिचाच कोळसा झाला. आम्ही खाणीत जो कोळसा काढतो तो त्या बर्फानंतरच्या जंगलाचा आहे. या सगळ्या खडकांना भूवैज्ञानिकांनी गोंडवाना हे नाव दिले, आणि पुढे त्या प्राचीन महाखंडालाही तेच नाव पडले. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकात छापलेले हे नाव आपल्या शेजारी राहणाऱ्या गोंड बांधवांच्या भूमीवरून आलेले आहे. ज्यांना अडाणी, रानटी म्हणून हिणवले गेले त्यांचे नाव विज्ञानाने पृथ्वीच्या इतिहासावर कोरले आहे.

"म्हणजे आपले तलाव बर्फाने केले?" मुलीने विचारले. नाही. उरलेले अर्धे उत्तर तिला दुसऱ्या दिवशी आजीकडून मिळाले.

पहिल्या दिवशी आम्ही पेरजागड चढलो. नागभीड-तळोधी भागातल्या या डोंगराला लोक सात बहिणींचा डोंगर म्हणतात. आई घरीच थांबली. साडूभाऊंनी पायथ्याच्या गावातला एक माहितगार माणूस सोबत घेतला होता. ऊन वर आल्यावरच निघायचे, एकामागे एक चालायचे, गप्पा मोठ्याने मारायच्या, असे त्याने बजावले. हा वाघाचा मुलूख आहे. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे इथे दरवर्षी वाघाच्या तोंडी जातात. आपण हौसेने एक दिवस येतो. या गावच्या आयाबाया पोटासाठी रोज याच वाटेने जातात. हे मी मुलांना मुद्दाम सांगितले.

वाट आधी साग, तेंदू, मोहाच्या झाडीतून जाते. पाचोळ्यावर पाय वाजतात. पुढे चढ लागतो आणि मोठमोठे खडक सुरू होतात. धाकट्याला दोन ठिकाणी हात देऊन वर घ्यावे लागले. कड्याला आग्या मोहोळे लटकलेली असतात. तिथे वाटाड्याने सर्वांना एकदम गप्प केले. विडी नाही, धूर नाही, अत्तर नाही, दगड मारणे तर मुळीच नाही. या डोंगरावर मधमाश्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

माथ्यावर पोचल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. चहूकडे जंगल, मध्ये धानाच्या कापलेल्या बांध्या आणि लांब कुठेकुठे उन्हात चकाकणारे पाणी. "ते सगळे तलाव?" तिने विचारले. मी म्हणालो, "हो, सगळे तलाव." आम्ही तिथे भाकरी आणि झुणका खाल्ला, कागद-पिशव्या परत पाठीवर घेतल्या आणि ऊन उतरायच्या आत खाली आलो.

दुसऱ्या दिवशी घोडाझरी. आता आईही सोबत होती. डोंगरांच्या कुशीत मोठा जलाशय आणि पुढच्या बाजूला मातीची पाळ. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या या तलावावर नागभीड-सिंदेवाही भागातली धानाची शेती पिकते. २०१८ पासून भोवतालचे जंगल अभयारण्य झाले आहे. मुलगी पाळीवर उभी राहून म्हणाली, "हे तर काश्मीरसारखेच दिसते!"

आई पाळीवर बसली. तिने मूठभर माती उचलली, चुरून पाहिली आणि म्हणाली, "पोरी, हे पाणी आपोआप नाही थांबलं. टोपल्यानं थांबलं."

मग तिने सांगितले. आमच्या गावच्या तलावाची पाळ फुटली होती तेव्हा रोजगार हमीच्या कामावर ती माती वाहायला होती. पुरुष खोदायचे, बाया डोक्यावर टोपले घेऊन पाळ चढायच्या. मी तेव्हा झाडाला बांधलेल्या झोळीत होतो. दिवसाला किती खेपा, त्याची मोजदाद तिच्याकडे नाही. पाळ उभी झाली, पावसात तलाव भरला. पण ज्या घाटावर गावच्या बाया पाणी भरत, त्या घाटावर आईला जाता येत नव्हते. आमच्या वस्तीचा घाट वेगळा, खालच्या अंगाला. "माती आमच्या डोक्यावरची चालली," आई म्हणाली, "घागर नाही चालली."

मुलीने महाडच्या चवदार तळ्याचा धडा वाचलेला होता. २० मार्च १९२७ ही तारीख तिला पाठ होती. पण पन्नासएक वर्षांनंतरही आपल्याच आजीला वेगळ्या घाटावर जावे लागले, हे तिला त्या दिवशी कळले. ती आजीला चिकटून बसली.

काश्मीरचे ते तलाव कसे झाले असतील? हिमनदी डोंगर खरवडते, खळगा करते आणि सोबत आणलेल्या दगडमातीचा बांध पुढे टाकून मागे सरते. त्या बांधामागे पाणी साचते. म्हणजे तिथे हिमनदीने पाळ घातली. आपल्याकडे तेच काम माणसांनी केले. गोंड राजांच्या काळी, जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळे, असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार होता. पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम, जास्तीचे पाणी वाहून जाण्याचा सांडवा म्हणजे सलंग, लहान तळे म्हणजे बोडी; हे शब्द त्याच कसबातून आले. पुढे तलाव मालगुजारांच्या नावे झाले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि आता त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. नाव राजाचे राहिले, मालगुजाराचे राहिले. टोपले वाहणाऱ्यांचे नाव कुठल्याही पाळीवर नाही.

खुद्द डोंगरमाथ्यावर तलाव पाहायचा असेल तर तोही आहे. गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या दाट जंगलात टिपागड आहे. या जुन्या किल्ल्याच्या डोंगरावर तलाव आहे. राजा युद्धात पडला असे समजून राणीने त्यात जलसमाधी घेतली, अशी कथा लोक सांगतात. आम्हाला तिथे जाणे जमले नाही. तिकडे जाणाऱ्यांनी स्थानिक लोकांना आणि पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय निघू नये.

परतीच्या वाटेवर आईने आणखी एक गोष्ट काढली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चांद्याला धम्मदीक्षा द्यायला नागपूरहून मोटारीने आले, ते याच उमरेड-नागभीड-मूलच्या रस्त्याने. माझे आजोबा गाठोड्यात भाकरी बांधून पायी चांद्याला गेले होते. आई तेव्हा लहान होती, सासरी आल्यावर तिने हे सासऱ्यांच्या तोंडून ऐकले. तेव्हा पायी चालणे ही आपल्या घरात नवी गोष्ट नाही. आपण चाललो ते कामासाठी, पाण्यासाठी, माणुसकीसाठी. आता आपल्या मुलांनी पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठीही चालावे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जंगलात वनविभागाकडे चौकशी करूनच शिरावे. वाघाच्या वावरामुळे वाट बंद असू शकते. स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याला योग्य मजुरी द्यावी. पाणी, भाकरी, टोपी, जाड तळव्याचे बूट एवढे पुरे. घोडाझरीच्या खोल पाण्यात पोहायला उतरू नये. आम्हा पाच जणांचा खर्च गाडीभाडे, जीप आणि वाटाड्याची मजुरी एवढाच झाला.

आणि तेवढेही जमत नसेल तर आपल्या गावच्या तलावावर तरी मुलांना न्या. बहुतेक तलाव आज गाळाने भरले आहेत, बेशरमाच्या झुडपांनी वेढले आहेत, कुठे पोटात अतिक्रमण झाले आहे. गाळ काढून शेतात टाकण्यासाठी २०१७ मध्ये शासनाची योजना आली. आपल्या तलावाचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारायला हवे. ज्यांच्या आयांनी पाळ बांधली त्यांचा हा पहिला हक्क आहे.

मुलीने शाळेत सहलीवर निबंध लिहिला. शीर्षक दिले, 'माझ्या आजीने बांधलेला तलाव'. बाईंनी विचारले, तुझी आजी इंजिनिअर होती का? ती म्हणाली, "नाही बाई, टोपलं वाहायची."