कॉम्प्युटर सुरू होईना!

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी कॉम्प्युटर घ्यायचा, हे 2024 च्या उन्हाळ्यात ठरले. रेल्वेची भरती असो की बँकेची, परीक्षा आता कॉम्प्युटरसमोर बसून द्यावी लागते. आमची मुले सराव करतात मोबाईलवर, आणि माऊस हातात धरतात तो थेट परीक्षेच्या खोलीत. निम्मा वेळ घाबरण्यातच जातो. महिला बचत गटाने बारा हजार रुपये दिले. बाकीचे आम्ही चौघांनी घरोघरी फिरून, कुठे पन्नास तर कुठे शंभर, असे जमवले. पावतीपुस्तक आमच्याकडेच होते. कारकुनाचा जन्म! एकूण जमले 26,850 रुपये.

तयार कॉम्प्युटर घ्यावा, असे कमिटीतील बहुतेकांचे मत होते. आमची भाची आय.टी.आय.ला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकते. ती म्हणाली, "मामा, सुटे भाग आणून जोडला तर याच पैशात चांगला बसेल. पुढे एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येईल." आम्ही तिची बाजू घेतली. एका शनिवारी मामा-भाची ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिले आहे, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, डिस्क, मॉनिटर असे सगळे घेऊन टॅक्सीने परत आलो. टॅक्सीचे पैसे आम्ही खिशातून दिले, हेही सांगून ठेवतो.

रविवारी संध्याकाळी पोरीने सगळे जोडले. अभ्यासिकेत तीसएक माणसे जमली होती. बचत गटाच्या मावशींच्या हस्ते बटण दाबायचे ठरले होते. त्यांनी दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले, जोरात दाबले. दिवा नाही, आवाज नाही.

मग सुरू झाले. "कंपनीचाच घ्यायला हवा होता." "पोरीच्या हातात एवढे पैसे दिले." मावशी काहीच बोलल्या नाहीत, हे आम्हांला जास्त लागले. भाची हळूच म्हणाली, "मामा, पहिल्यांदा दाबलं तेव्हा आतला पंखा थोडा हलला होता." आम्ही ते ऐकूनच घेतले नाही. उलट चारचौघांत म्हणालो, "तुला जमत नव्हतं तर आधीच सांगायचं होतंस." तिने पेचकस खाली ठेवला आणि घरी गेली.

सोमवारी दुकानदाराला फोन केला. त्याने तिथूनच निदान केले, "बोर्ड उडालं असणार. तुम्ही घरी जोडलंत, आता वॉरंटी विसरा. नवीन घ्या."

त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या कार्यालयातील एक जुनी गोष्ट आठवत राहिली. एकदा हिशेबात नऊशे रुपयांचा फरक येत होता. वरिष्ठांनी सरळ नव्या मुलावर ठपका ठेवला. बी.कॉम.ला आम्हांला शिकवले होते, की फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघावे. एकेक व्हाऊचर काढून ताडले तेव्हा 5,400 च्या जागी 4,500 लिहिलेले सापडले. अक्षर आमचेच होते. आणि आता आम्हीच एकही व्हाऊचर न बघता पोरीवर ठपका ठेवून मोकळे झालो होतो.

मंगळवारी तिच्या घरी गेलो. म्हटले, "चल, व्हाऊचर तपासू." तिला अर्थ कळला नसावा, पण ती आली.

आधी भिंतीचा सॉकेट. मोबाईलचा चार्जर लावून पाहिला, वीज होती. एसएमपीएसच्या मागे एक छोटा खटका असतो. त्याची उभी रेघ असलेली बाजू दाबलेली हवी, गोल असलेली नव्हे. तीही बरोबर होती. मग बोर्डावरच्या वायरी. चोवीस पिनांचा मोठा प्लग पक्का बसला होता, प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा प्लगही. तो लावायला पुष्कळ लोक विसरतात म्हणे.

पुढे तिने समजावले ते आम्हांला फार आवडले. पूर्वी, म्हणजे 1995 साली एटीएक्स नावाची पद्धत येण्याआधी, कॉम्प्युटरचे बटण थेट वीज चालू-बंद करायचे. आता तसे नाही. बटण फक्त मदरबोर्डाला कळवते आणि मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, की सोड वीज. म्हणजे बटण हा अर्जदार, बोर्ड हा साहेब आणि एसएमपीएस म्हणजे तिजोरी. पैसे निघाले नाहीत तर अर्ज पोहोचला नाही, सही अडली, की तिजोरीच रिकामी, हे वेगवेगळे पाहावे लागते.

तिजोरी आधी पाहिली. प्लग काढून, एसएमपीएस बोर्डापासून सोडवून, मोठ्या प्लगमधील हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका पेपर क्लिपने जोडली. (क्लिप आमच्या खिशात असतेच.) मग वीज लावली. पंखा फिरू लागला. तिने मीटर लावला, तर बारा व्होल्टच्या जागी 12.1 आले. पाच टक्के इकडेतिकडे चालते. तिजोरी भरलेली होती. मात्र एसएमपीएसचा डबा कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत काही वेळ झटका बसण्याइतकी वीज साठलेली असते.

मग अर्जदार. बटणाची वायर काढून, बोर्डावरच्या त्याच दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवले. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. पुन्हा टेकवले, काही नाही. भाचीने आमच्याकडे पाहिले. "मामा, हेच मी रविवारी सांगत होते."

थरथरून थांबणे म्हणजे एसएमपीएसने वीज सोडली, पण पुढे कुठेतरी शॉर्ट दिसला म्हणून स्वतःच बंद केली. मागचा खटका मिनिटभर बंद ठेवल्याशिवाय आमचा एसएमपीएस दुसऱ्यांदा प्रयत्नही करत नव्हता. म्हणूनच मावशींच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाबण्याला काही उत्तर आले नव्हते.

बुधवारी तिने बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी, बाकी सगळे दूर. मॉनिटर जोडला, पिनांना पेचकस टेकवला. पंखा फिरला आणि फिरतच राहिला! पडद्यावर अक्षरे उमटली. बोर्ड उडालेला नव्हता. पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवला, तर पुन्हा तीच थरथर.

"म्हणजे दोष डब्यात आहे," ती म्हणाली. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेचे छोटे खांब असतात, दुकानात त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाच्या भोकांतून स्क्रू या खांबांत जातात. आमचे कॅबिनेट साडेतीस सेंटीमीटर उंचीच्या मोठ्या बोर्डालाही चालणारे, आणि बोर्ड होता लहान, मायक्रो एटीएक्स, साडेचोवीस सेंटीमीटरचा. खांब कारखान्यातूनच बसवून आले होते.

"मामा, तुम्ही मोजा. बोर्डाला भोकं किती?"

"सहा."

"आणि त्याच्याखाली येणारे खांब?"

आम्ही दोनदा मोजले. सात. जमा-खर्च जुळत नव्हता. सातवा खांब बोर्डाच्या पाठीवरच्या डागकामाला टेकून शॉर्ट करत होता. तिने पक्कडीने फिरवून तो काढला. नखाएवढा पितळेचा तुकडा! "जोडायच्या आधी मीच मोजायला हवे होते," ती म्हणाली. आम्ही काय बोलणार?

पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावले. मागच्या वेळी तीसएक होते, या वेळी अकरा आले. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यायला हवे होते. आम्ही उभे राहून सांगितले, की पोरीने पंखा हलल्याचे पहिल्याच मिनिटाला सांगितले होते, आम्ही ऐकले नाही, चूक आमची. दुकानदाराचे ऐकून नवा बोर्ड आणला असता तर वर्गणीतले आणखी सहा-सात हजार गेले असते, आणि कॉम्प्युटर तरीही सुरू झाला नसता, तेही सांगितले. भाची खाली मान घालून वायरी बांधत होती.

मावशींनी बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

"आता काय बिघडलं गं?" मावशींनी विचारले.

"काही नाही मावशी. ते विचारतंय, चालू तर झालो, आता काम कशावर करू? आत अजून काहीच भरलेलं नाही ना." तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "तासभर लागेल. तोवर चहा ठेवा."