एका वयाची चार चाके

आमच्या घरी जीप आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम आदर आणि मागोमाग संशय उमटतो. बमरोलीसारख्या मागवाल्यांच्या वस्तीत राहणारा मराठी शाळेतील भाषाशिक्षक, आणि त्याच्या दारात जीप! लोकांना लगेच खाजगी शिकवण्यांची आठवण होते. म्हणून खुलासा आरंभीच केलेला बरा. ही जीप आम्ही घेतलेली नाही. ती आम्हांस वारशाने मिळाली आहे. वारशात इतरांना शेतीवाडी मिळते, दागदागिने मिळतात; आम्हांला डिझेलचा खर्च मिळाला.

आमचे वडील गोव्यात, दिचोली तालुक्यातील एका लोहखनिजाच्या खाणीवर वाहनचालक होते. पावसाळ्यात खाणीच्या वाटांवर तांबडा चिखल घोट्याच्या वर चढतो. तिथे दोन चाकांवर चालणारी गाडी जागच्या जागी चाके फिरवीत बसते. पुढची चाकेही जिची ओढतात तीच चढ चढून येते. जीपचा जन्म मुळी अशाच कामासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने १९४१ पासून ती मोठ्या संख्येने बनविली. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने सुटे भाग जुळवून ती भारतीय रस्त्यांवर आणली. पुढे २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा मालकाने गाड्या विकावयास काढल्या आणि वडिलांनी आपल्या हातची जीप स्वतःच घेतली. ते गेल्यावर ती परवान्यांचे आणि नोंदणीचे सर्व सोपस्कार सोसून आमच्यामागे सुरतेस आली.

जीपच्या कप्प्यात वडिलांची एक तेलकट वही होती. पाचही टायरांच्या आतल्या अंगाला त्यांनी पांढऱ्या रंगाने एक ते पाच आकडे घातले होते, आणि दर आठ हजार किलोमीटरांना कोणता टायर कोठून कोठे गेला याची नोंद त्या वहीत होती. स्टेपनीसुद्धा त्यांनी कधी आयती बसू दिली नाही. तीही पाळीपाळीने रस्त्यावर उतरे. वहीच्या पहिल्या पानावर कोंकणीत एकच वाक्य होते : 'चारूय रोदां एकेच पिरायेचीं आसूंक जाय.' चारही चाके एकाच वयाची असली पाहिजेत. कलाशाखेच्या पदवीधराला हे वाक्य कवितेसारखे वाटले. आम्ही ते दोनदा मोठ्याने वाचले, वही कपाटात ठेवली आणि पाच वर्षे टायरांकडे पाहिले नाही.

पाच वर्षांनी मागच्या दोन टायरांची नक्षी पुसट झाली. टायरच्या खाचेत तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला असे समजावे. आमचे मागचे टायर तिथे पोचले होते. पुढचे दोन त्या मानाने बरे दिसत. आम्ही आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. हे मिस्त्री मूळचे साक्रीकडचे. कापडाचे तागे वाहणाऱ्या टेंपोंची चाके काढता घालता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, चारही टायरांच्या खाचांत नख घालून पाहिले आणि म्हणाले, "चारी बदला, गुरुजी. दोन नवे नि दोन जुने, हाई काही खरं नही."

"पुढचे अजून वर्षभर चालतील की!" आम्ही म्हणालो.

"चालतील ना. वेगळे वेगळे चालतील. एका जुवाला उंच बैल नि ठेंगणा बैल जुंपला तर मान कोणाची सोलवटते?"

येथे आमच्या मनात जो विचार आला तो लिहिताना आज लाज वाटते. पण तो गाळला तर पुढच्या हकिगतीला अर्थ राहणार नाही. आम्हांस वाटले, चार टायर खपले म्हणजे यांची मिळकत दुप्पट होणार. बैलाचा दृष्टान्त त्यासाठीच. महिनाअखेर होती. आम्ही गोड हसून निरोप घेतला आणि दुसऱ्या दुकानातून दोनच टायर आणले. तेथील दुकानदारानेही "चार देऊ का?" असे विचारले होते, हे त्याच्याविषयी न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. नव्या टायरांचे माप तेच होते, ६.००-१६, कंपनी मात्र निराळी आणि नक्षी अधिक जाड. आकडा सारखा असला म्हणजे वस्तू सारखी असते, अशी आमची समजूत होती. एकाच इयत्तेत बसणाऱ्या साठ मुलांना रोज पाहणाऱ्या शिक्षकाची अशी समजूत असावी याला काय म्हणावे?

श्रावणात शाळेला दोन दिवस जोडून सुटी आली. आमच्या शाळेचे शिपाईमामा नवापूर तालुक्यातील एका पाड्यावरचे. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आम्ही त्यांना मोठ्या ऐटीत जीपमध्ये घातले आणि बारडोली, व्यारा, सोनगड असे करीत गावी पोचविले. मुख्य रस्ता सोडल्यावर दीड किलोमीटर सिमेंटचा रस्ता आणि पुढे चार किलोमीटर नुसता चिखल. तिथे आम्ही लहान दांडा ओढून पुढच्या चाकांना शक्ती दिली, आणि जीप अशी काही चढली की पाड्यावरची पोरे टाळ्या पिटीत मागे धावली. त्या रात्री आम्ही मामांच्या ओटीवर नागलीची भाकरी खाल्ली आणि आपण वडिलांचे खरे वारस आहो असे आम्हांस वाटले.

मध्यरात्री लेकीला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. गावच्या आशाताईने १०८ ला फोन लावला. पण रुग्णवाहिकेला तो चिखल उतरता येईना, ती मुख्य रस्त्यावर येऊन थांबली. तिथपर्यंत नेणारे वाहन पंचक्रोशीत एकच होते. मागच्या बाकावर गोधड्या घातल्या. मुलगी, तिची आई आणि आशाताई मागे बसल्या, मामा आमच्या शेजारी. चिखलाचे चार किलोमीटर निर्विघ्न पार पडले. पाऊस थांबला होता. सिमेंटचा रस्ता लागला आणि आम्ही हुश्श केले. पुढच्या चाकांचा दांडा आता मागे टाकावयाचा, तो आम्ही टाकला. म्हणजे टाकू लागलो. तो हलेना.

दोन्ही हातांनी ओढला, तळव्याने ठोकला, ढिम्म. जीप जड झाली, जणू कोणी मागून धरून ठेवली आहे. वळणावर टायर किंचाळले. थांबून विचार करावयास हवा होता. मागून त्या मुलीचा आवाज आला आणि आम्ही विचार करण्याऐवजी वेग दिला. अर्धा किलोमीटरही गेलो नसू, तोच पायांखाली लोखंड मोडल्याचा आवाज झाला आणि काहीतरी जमिनीवर आपटू लागले. जीप थांबली. रुग्णवाहिकेचा दिवा दूर झाडांतून दिसत होता.

मामा एक शब्द बोलले नाहीत. ते पाड्याकडे धावत गेले, चारपाच गडी आणि एक बाज घेऊन आले. त्यांना येईपर्यंत जो वेळ गेला तो आम्ही घड्याळात पाहिला नाही. पाहण्याचे धैर्य नव्हते. उरलेला किलोमीटर त्यांनी त्या मुलीला बाजेवरून खांद्यावर नेले. आम्ही पुढे कंदील धरून चालत होतो. चार चाकांना शक्ती पोचविणाऱ्या गाडीच्या मालकाला त्या रात्री एवढेच काम उरले होते.

पहाटे मुलगी झाली. वजन कमी भरले, पण दोघी सुखरूप. हे कळल्यावर आम्ही रुग्णालयाच्या पायरीवर बसलो आणि पुष्कळ वेळ उठलो नाही.

जीप ओढून सुरतेस आणली ती थेट त्या मिस्त्रींच्याच दारात. ते 'मी म्हणत होतो' असे म्हणतील म्हणून आम्ही मान खाली घालून उभे होतो. ते म्हणाले नाहीत. त्यांनी सुताचा गुंडा आणला, पुढच्या एका टायरभोवती सूत गुंडाळून तोडले, मागच्या टायरभोवती गुंडाळून तोडले आणि दोन्ही तुकडे शेजारीशेजारी जमिनीवर ठेवले. मागचा तुकडा तीन सेंटिमीटरांहून थोडा लांब भरला.

एवढ्याने काय होते, असे विद्यार्थिमित्रांस वाटेल, आम्हांसही वाटले. तेव्हा नववीतले गणित काढा. नक्षी ५ मिलिमीटर झिजली की त्रिज्या ५ मिलिमीटरांनी घटते आणि परिघ २ × ३.१४ × ५, म्हणजे ३१.४ मिलिमीटरांनी. आमच्या चाकाचा परिघ सुमारे सव्वादोन मीटर. एका किलोमीटरला नवे चाक ४४४ च्या आसपास फेरे घेते. झिजलेल्याला तेवढेच अंतर जाण्यास सहा फेरे जास्त लागतात. साधी गाडी असती तर ही सहा फेऱ्यांची तफावत कोणाच्या ध्यानात आली नसती, कारण पुढची चाके आपल्या मनाने फिरतात.

एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांची सोय डिफरन्शियल करते. मैदानावर वळण घेताना बाहेरच्या आखणीतल्या मुलाला आतल्यापेक्षा जास्त धावावे लागते; तसेच चाकांचे. डिफरन्शियल दोघांना कमीअधिक फिरू देते. परंतु आमच्या जीपमध्ये पुढचा आस आणि मागचा आस यांच्यामध्ये असा समेट करणारा कोणी नाही. लहान दांडा ओढला की ट्रान्स्फर केसमध्ये दोन्ही एकमेकांस जखडले जातात, आणि दोघांना अगदी सारखे फेरे घ्यावेच लागतात. चिखलात किंवा वाळूत चाके थोडी घसरतात आणि तंटा मिटतो. सिमेंटवर ती घसरत नाहीत. मग दर किलोमीटरला जवळजवळ चौदा मीटरांचे भांडण दांड्यांत आणि दात्यांत पिळासारखे साठत जाते. दांडा सुटत नव्हता तो त्या पिळामुळे. शेवटी पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा तुटला. तोच सर्वांत दुबळा होता.

"गाडी चार पावलं मागं घेतली असती ना, तर पीळ सुटला असता," मिस्त्री म्हणाले. मग थोडे थांबून, "शाफ्ट तुटल्यावर बी, लटकलेला शाफ्ट बोल्ट काढून उतरवला असता तर मागच्या दोन चाकांवर गाडी गेली असती, गुरुजी." पाना जीपमध्येच होता. हे वाक्य त्यांनी सांगितले नसते तर बरे झाले असते, असे आम्हांस अजून कधी कधी वाटते.

हल्लीच्या काही मोटारींत चारही चाकांना सदैव शक्ती मिळते आणि दोन आसांच्या मध्येही डिफरन्शियल किंवा घर्षणाच्या चकत्यांचा जोड असतो. त्यांच्यासाठी तर चार टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असण्याबद्दल उत्पादकांचा आग्रह असतो. कारण तेथील तफावत तो जोड रात्रंदिवस सोसत राहतो. काही देशांत एकच टायर फुटला तर नवा टायर यंत्रावर मुद्दाम घासून बाकीच्या तिघांच्या उंचीला आणतात. पैसे देऊन नवे घ्यायचे आणि पैसे देऊन झिजवायचे, हे आमच्या सौ.ना अजून पटलेले नाही.

पुढचे दोन टायर आम्ही मिस्त्रींकडूनच घेतले, मागच्यांच्याच कंपनीचे आणि नक्षीचे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तेही मिस्त्रींनी जुळवून दिले, मग हवा चारही चाकांत मोजून भरली; हवा कमी असली तरी चाक दबून लहान होते, हे त्यांनी जाता जाता सांगितले. त्यांचा सुताचा गुंडा आम्ही मागून आणला आहे. नववीची मुले त्याने शाळेतल्या सायकलींचे परिघ मोजतात, आणि गणिताचे शिक्षक आमच्याकडे सीमेवर अतिक्रमण झाल्यासारखे पाहतात.

शिपाईमामांची नात आता बसू लागली आहे. मामा पुन्हा गावी निघाले तेव्हा आम्ही भीतभीतच जीपचे विचारले. ते म्हणाले, "चला की सर. या खेपेला मी मागं बघत बसतो, तुम्ही दांडा बघा."

वडिलांची वही कपाटातून निघाली आहे. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली आमच्या अक्षरात पहिली नोंद झाली : एक, दोन, तीन, चार. पाचव्यापुढची जागा कोरी आहे, कारण स्टेपनी अजून जुनीच आहे. तिच्यावर मिस्त्रींनी तांबड्या रंगाने फुली मारून ठेवली आहे, म्हणजे ती लावली असताना आम्ही चुकूनही लहान दांड्याला हात लावणार नाही. नवी घ्यावयाची ती पुढच्या महिन्याच्या पगारानंतर.